तीन सुळके, एक खिंड

काहीतरी पिवळं. लांबट. एका कडेला डोंगररांग. तीन सुळके, मध्ये खोल खिंड.

"बाबा, काय आहे हे?"

"डोंगर."

मुलीनं किल्ली त्यांच्या हातात दिली. बोटं मिटली आणि डोंगर विरघळला.

"अगं, किल्ली!"

चाळीस वर्षं किल्ल्या बनवणारा माणूस. डोळे ठणठणीत आहेत, डॉक्टर म्हणाले होते. मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली, म्हणून दिसतं सगळं, पण ओळख पटत नाही. हात लावला की पटते.

मुलीची रजा आज संपणार. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला दुकान हवंय, त्याला संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय.

"देऊन टाक," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "घरी मी काय बघत बसू गं? तिथलं तरी काय ओळखतोय?"

तेवढ्यात दुकानात एक बाई आली. हातात कुलूप, त्याची एकुलती एक किल्ली. "दुसरी आमच्या ह्यांनी हरवली. डोकं सोडून सगळं हरवतात."

मुलगी नाही म्हणणार, तोवर बाबांनी किल्ली टेबलाच्या शिकंज्यात आवळली. शेजारी कोरी पट्टी आवळली. हात काढले.

पुन्हा डोंगर.

शेजारी सपाट माळ. माळावर डोंगर उभा करायचा, एवढंच. टेबलावर चकाकणारे ओहोळ पडले होते. ते चाचपू लागले. स्क्रूड्रायव्हर. नाही. पक्कड. नाही. बोटाला टोचलं.

झेरॉक्सवाला दारात उभा होता. आत आला, कानस त्यांच्या हातात ठेवली.

खर्र. खर्र. पिवळी धूळ उडाली. पहिला सुळका. उतार. खिंड किती खोल? डोळे खिंडीत उतरले, तळाशी टेकले, वर आले. मुलगी कुलपाकडे बघत होती.

बाईनं नवी किल्ली कुलपात घातली. फिरवली.

खट्.

"किती सुंदर बनलाय," बाबा म्हणाले.

"काय?" बाईनं विचारलं.

"ते… काय गं ते?"

बाई गोंधळली. मुलगी झेरॉक्सवाल्याकडे वळली. "अर्धं दुकान देते. तुमचं मशीन ठेवा. पण बाबा मागतील ते हातात द्यायचं. आणि हसायचं नाही."

"हसतोय कशाला, ताई?" तो म्हणाला. "माझ्या मशीनला तरी कुठे वाचता येतं?"

बाबाच आधी हसले.