बंद टेकाडावरचा बोकड

उजाडल्या उजाडल्या दाल्मिरा तालकेंकाने घरातली सहाही पातेली उचलली आणि ती वाळूच्या टेकाडाकडे पळत सुटली. कुंपण घालून बंद केलेल्या त्या टेकाडावर शेळीच्या खुरांचे ताजे ठसे होते, आणि वारा सुटायच्या आत ते झाकायला हवे होते. या भागात असा ठसा सापडला की त्यावर भांडं पालथं घालायचं, माग काढणाऱ्याला बोलवायचं आणि तोवर तोंड मिटून बसायचं. पहिल्या दोन गोष्टी दाल्मिराने बिनचूक केल्या. तिसरी तिला जन्मात जमली नव्हती. शेवटचं पातेलं ठेवून ती थेट सेनोन निएवासच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"चोरा! शेळ्या घातल्यास ना माझ्या टेकाडावर? आणि आजच, मत द्यायच्या दिवशी!"

"तुझं टेकाड?" सेनोनने 'माते' नावाच्या कडू पाल्याच्या चहाचा घोट निवांत गिळला. "वाळू काय तुझ्या बापाने चाळून ठेवली होती?"

टेकाड सहा घरांचं होतं. दरवर्षी सरकत सरकत ते सामाईक विहिरीपासून चाळीस पावलांवर येऊन ठेपलं होतं. विहीर बुजली की सहाही घरांनी गाशा गुंडाळायचा, दुसरा इलाज नाही. तीन वर्षांपूर्वी दाल्मिराने भांडभांडून टेकाडाला तारेचं कुंपण घालायला लावलं. आत शेळी जाणार नाही, काडी मोडली जाणार नाही, झाडं मुळं धरतील आणि वाळू थांबेल, असं तिचं म्हणणं. गवत आलं, झुडपंही सावरली, पण झाड म्हणावं असं एकही उगवलं नाही. गोड शेंगांच्या अल्गारोबोच्या बिया तिने ओंजळी भरभरून पेरल्या. एक रुजेल तर शपथ. इकडे बाहेर शेळ्यांची हाडं मोजता येत होती. तार काढा, असं सेनोन तीन वर्षं ओरडत होता, आणि आज दुपारी सगळे मत देणार होते. म्हणूनच दाल्मिरा सकाळी सकाळी त्याच्या अंगणात धावली होती.

माग काढायला ट्रान्सितो मावशी आली. ती सेनोनचीच मावशी, पण वाळूत तिने जे वाचलं त्यावर शंका घेण्याची कुणाची छाती नव्हती. मागोमाग सहाही घरं आली. मावशीने पहिलं पातेलं उचललं, दुसरं उचललं आणि नाक फेंदारलं.

"एकटाच आहे. बोकड. म्हातारा, वजनदार, पुढचा डावा पाय फरफटतो. असा बोकड कुणाकडे आहे गं पोरी?"

सगळ्यांच्या माना दाल्मिराकडे वळल्या. लांब पांढऱ्या दाढीमुळे ज्याला सगळे बिशप म्हणत, तो बोकड तिचाच होता.

सेनोन पोट धरधरून हसला. "सहा पातेली आणलीस तेवढी पुरतील का गं त्याला शिजवायला?"

दाल्मिराला वाळूने गिळलं असतं तर बरं वाटलं असतं. पश्चिमेकडे तर वाळूनेच दगा दिला होता. तिथे कुंपण पार बुजलं होतं आणि बिशप त्यावरून आरामात चालत आत गेला होता.

"मग मत कशाला? आत्ताच तारा काढू," सेनोन म्हणाला.

"अर्धा माग मी कधी सोडला नाही," मावशी म्हणाली आणि चालू लागली. तिच्यामागे जाण्यावाचून कुणाला गत्यंतर नव्हतं.

माथा ओलांडल्यावर वाऱ्याच्या आडोशाला एक खळगा होता. त्यात बिशप ऐसपैस बसून रवंथ करत होता. भोवती महिनोन्महिन्यांच्या लेंड्यांचा थर होता, आणि त्यातून, मागच्या आठवड्याच्या पावसाने, कोवळे हिरवे कोंब वर आले होते. दाल्मिरा धाडकन गुडघ्यांवर बसली.

"अल्गारोबो! मावशी, अल्गारोबो आहेत हे! दहा... अकरा... अहो पाय सांभाळा, तुडवाल!"

"हे बघ, मागच्या वर्षीचं," मावशीने वीतभर काटेरी रोप दाखवलं. "याला काटे आलेत, म्हणून त्यानेही सोडलंय."

कोंब सत्तेचाळीस भरले. बायका ओरडत होत्या, कुणी कुणाला मिठी मारत होतं. दाल्मिरा हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते.

"मी कोरड्या बिया पेरत बसले! तीन वर्षं! आणि हा घरी शेंगा खातो, इथे येऊन पोट रिकामं करतो, की झालं! ती कडक बी पोटातून गेल्याशिवाय फुटतच नाही!"

मग तिने टेकाडावरून नजर फिरवली. एका बोकडाने एक खळगा भरला होता. बाकीचं अख्खं टेकाड उरलं होतं आणि तिच्याकडे शेळ्या होत्या जेमतेम वीस. दोनशे शेळ्या एकाच माणसाकडे होत्या. ती उठली आणि त्याच्यासमोर गेली.

"सेनोन, तुला चोर म्हणाले. चुकलं माझं. हिवाळ्यात साठवणीच्या शेंगा खायला घालून तुझ्या शेळ्या इथे बसव. आठच दिवस. मग बाहेर काढायच्या आणि पाऊस येऊन रोपं वाढेपर्यंत टेकाड बंद."

"जरा मोठ्याने. माझ्या बायकोला ऐकू नाही आलं."

"तुझ्या शेळ्या हव्यात मला!" दाल्मिरा ओरडली. "हात जोडते! ऐकू आलं?"

सगळे हसले. सेनोन मात्र हसला नाही. तो खाली बसला, त्या वीतभर रोपाला त्याने बोटाने हळूच स्पर्श केला आणि काटा टोचल्यावर बोट तोंडात घातलं. 

"पश्चिमेची तार आत्ताच वाळूतून उकरून पुन्हा उभी करायला हवी," तो उठत म्हणाला. "माझ्या शेळ्या आज दुपारी त्याच बाजूला चरायला येतील."

आणि फावडं आणायला तोच पहिला धावला.