बाकाचं मूळ

त्या खोलीबाहेर दोन लांब बाकं होती आणि त्यांवर कोणीही बसलेलं नव्हतं. तीस-पस्तीस माणसं ताटकळत उभी होती. कोणी भार या पायावरून त्या पायावर टाकत होतं, आणि "बसा की" म्हटलं तर "नको, उभं राहायची सवय आहे" असं हसून सांगत होतं. ज्या दुखण्याचं नाव चारचौघांत काढता येत नाही, तेच घेऊन सगळे आले होते.

आत बुवांचं काम जोरात चाललं होतं. बाहेरच्यांना दिसावं म्हणून दार सताड उघडं. रुग्ण पडद्याआड कुशीवर निजलेला, त्याची कंबर तेवढी उघडी.

"सुरी नाही, टाका नाही, दवाखान्याची पायरी नाही," बुवा म्हणत होते. "बारा वर्षांचं दुखणं बारा श्वासांत बाहेर. तुम्ही फक्त विश्वास घेऊन या, बाकीचं सामान माझ्याकडे आहे."

मग त्यांनी ओल्या कापसाचा बोळा त्या कमरेवर दाबला, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि बोळा कोमट पाण्याच्या काचेच्या वाडग्यात टाकला. पाणी लाल झालं. त्या लालीत एक काळपट, वेटोळं झालेलं काहीतरी दिसू लागलं आणि हळूहळू वळवळत उलगडलं.

"जिवंत आहे अजून," बुवा म्हणाले. "बघून घ्या, हे मूळ."

गर्दीच्या शेवटी शिंपीमास्तर उभे होते. त्यांना पाहताच बुवांचा चेहरा खुलला. "अहो, आमचे मास्तर आले. यांना विचारा. वर्षापूर्वी भिंतीला धरून चालायचे. आता मशीनवर किती तास बसता, मास्तर?"

एरवी मास्तर "दहा तास" म्हणत आणि मान खाली घालत. आज त्यांची मान वरच होती. बारा दिवसांपूर्वी त्यांची ताई गेली होती.

वर्षापूर्वी मास्तरांचंही मूळ याच वाडग्यात वळवळलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त पडलं होतं. शेवटी बायकोने हट्टच धरला. परगावी गणवेशांचं मोठं काम मिळालंय अशी थाप मारून दोघं शहरातल्या दवाखान्यात गेले आणि मास्तरांनी शस्त्रक्रिया करून घेतली. पुढचे पंधरा दिवस त्यांनी लॉजच्या खोलीत काढले. दिवसातून तीनदा कोमट पाण्याच्या टबात बसायचं, इसबगोल घ्यायचं, कुशीवर झोपायचं. पहिल्यांदा संडासला जायची वेळ आली तेव्हा हा चाळिशीचा माणूस दाराची कडी धरून रडला होता. बायको बाहेरून म्हणत होती, "होईल हो, घाई करू नका." आणि झालं. दुखणं रोज थोडं थोडं कमी होत गेलं, त्यात चमत्कार कसलाच नव्हता. मास्तरांनी फोम कापून मधे भोक असलेली गादी शिवली आणि घरी आल्यावर ती मशीनच्या स्टुलावर बांधली.

ताईने विचारलं, "ही कसली रे गादी?"

"नवी फॅशन आहे," ते म्हणाले.

मास्तर ताठ बसू लागलेले लोकांनी पाहिले आणि श्रेय बुवांना देऊन टाकलं. मास्तरांनी कोणाचंही म्हणणं खोडलं नाही. ऑपरेशन कुठलं, कसलं, पायजमा कुठवर उतरवला, हे सगळं सांगत बसण्यापेक्षा 'बुवांचा गुण आला' हे तीन शब्द सोपे होते.

मग एका दुपारी ताई दुकानात काज करायला बसली होती. मास्तरांची आई गेली तेव्हा ते पाळण्यात होते आणि ताई अकरा वर्षांची. तिनेच त्यांना वाढवलं होतं. सुईत दोरा ओवता ओवता, वर न बघता तिने विचारलं, "तुला खरंच गुण आला का रे त्यांचा?"

मास्तरांना कळायला हवं होतं. तिने कधी उगाच काही विचारलं नव्हतं.

"हो," ते म्हणाले.

त्या एका शब्दावर ताई पाच महिने बुवांकडे जात राहिली. तिची तीन मुळं निघाली. चौथ्या वेळेआधी ती दुकानातच चक्कर येऊन पडली. मास्तरांचं ऑपरेशन झालं त्याच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, दुर्बिणीने पाहिलं आणि मास्तरांना बाजूला घेतलं. "ही मूळव्याध नाही. आतड्याच्या शेवटी गाठ आहे आणि ती पसरली आहे. रक्त पडतं ते प्रत्येक वेळी मूळव्याधीचंच नसतं, म्हणून तर तपासायचं. पाच-सहा महिने आधी आणलं असतंत, तर कदाचित वेगळं बोलले असते."

शेवटच्या आठवड्यात मास्तरांनी ताईला सगळं सांगितलं. लॉज, टब, गादी, सगळं.

"मला का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

"अरे, तुझी दुपटी मी धुतली आहेत," ताई म्हणाली. "माझ्यापुढे कसली लाज?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त त्यांच्या शर्टाचं सैल झालेलं बटण चाचपलं आणि ते घट्ट करून घ्यायला सांगितलं.

आज, तेराव्या दिवशी, ते बटण घट्ट करायला मास्तरांनी दोऱ्यांचा डबा उघडला. काजाचं तपकिरी रीळ पुन्हा संपलं होतं. त्यावरचा दोरा बुवांची बायको दर महिन्याला नेत असे, सोबत मेणाची वडी आणि कापड रंगवायची लाल पूड. "एवढी काजं कुठे करता, वहिनी?" असं मास्तर थट्टेनं विचारत. आता रिकामं रीळ हातात धरताच त्यांना वाडग्यातलं मूळ आठवलं. मग त्यांनी नवं रीळ फोडलं, मेण, पूड आणि कापूस घेऊन एक बोळा तयार केला आणि तो खिशात घालून थेट इथे आले.

"किती तास, मास्तर?" बुवांनी पुन्हा विचारलं.

मास्तर पुढे आले. त्यांनी लाल वाडगा खिडकीबाहेर रिता केला, किटलीतलं कोमट पाणी ओतलं आणि तो दारात ठेवला. मग खिशातला बोळा काढून त्यावर पाण्याचा हात फिरवला आणि तो रिकाम्या बाकाच्या फळीवर दाबला.

"हे काय चाललंय?" बुवा म्हणाले.

"बाकाला त्रास आहे. कोणी बसत नाही त्याच्यावर."

दोघं-तिघं हसले. मास्तरांनी बारा श्वास मोजले आणि बोळा पाण्यात टाकला. पाणी लाल झालं. काळपट वेटोळं बाहेर आलं, वळवळलं, उलगडलं. हसणं थांबलं.

मास्तरांनी ते चिमटीत धरून दिव्यापुढे नेलं. "काजाचा दोरा आहे. मेण लावून घट्ट पीळ दिलाय. कोमट पाण्यात मेण नरम पडतं आणि पीळ सुटतो, म्हणून हलतो. कोरडी रंगाची पूड कापसाच्या पोटात ठेवायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा. हे सगळं माझ्याच दुकानातून येतं."

बुवांची पाचावर धारण बसली, पण जीभ सुटी होती. "मग तुम्ही बरे कसे झालात? मशीनवर बसता ते कोणाच्या कृपेनं?"

हा प्रश्न येणार हे मास्तरांना ठाऊक होतं. त्यांनी दवाखान्याचा कागद काढला. "माझं ऑपरेशन झालंय. मूळव्याधीचं. मी वर्षभर तुमच्या सगळ्यांशी खोटं बोललो. माझ्याकडे बघून माझी बहीण इथे आली आणि ती गेली."

"तिची वेळ भरली होती, त्याला मी काय करणार?"

"भरली नव्हती," मास्तर म्हणाले. "तिची वेळ आपण दोघांनी खाल्ली. अर्धी तुम्ही, अर्धी मी."

मागे उभा असलेला पोस्टमन खाली बघत म्हणाला, "माझंही दवाखान्यातच झालंय. मीपण बुवांचंच नाव सांगत होतो."

"आपल्यासारख्यांमुळेच यांचं दुकान चालतं," मास्तर म्हणाले. "आपण कापून घेतो, बरे होतो आणि नाव यांचं घेतो. रक्त दिसलं की डॉक्टरला दाखवा, एवढंच सांगायचंय. आणि बरे झालात तर कशाने झालात ते तोंडाने सांगा. घरात तरी सांगा."

माणसं जिन्याकडे वळू लागली. बुवांनी दार लोटून घेतलं. एक बाई मात्र भिंतीशी थांबली होती. तिने पदर सारखा केला आणि हळूच विचारलं, "तपासताना फार दुखतं का हो?"

"थोडं. लाज जास्त वाटते. ती दोन मिनिटांत जाते."

"तिथे बाई डॉक्टर असते?"

"असते. पत्ता देतो."

मास्तर त्या बाकावर बसले. मापाच्या वहीचं पान गुडघ्यावर ठेवून ते लिहू लागले. डोळे भरल्यामुळे अक्षरं नीट दिसत नव्हती, पण कुठे अडलं नाही. तो पत्ता त्यांना वर्षभर तोंडपाठ होता.