मुकादमाची जोडी

एगॉन शिमानियाकच्या माशांबद्दल त्याच्या बायकोचं मत उभ्या खाणवस्तीला पाठ होतं. रोझविटा ते बेकरीच्या रांगेत सांगायची, चर्चच्या पायऱ्यांवर सांगायची. "माझ्या घराखाली तुरुंग आहे," म्हणायची, "आणि जेलर रोज माझ्या शेजारी येऊन झोपतो."

तळघरात, जिथं एके काळी कोळसा भरून ठेवत, तिथं एगॉननं भिंतभर लांबीची काचेची टाकी उभी केली होती. त्यात मध्य अमेरिकेकडच्या सिक्लिड माशांची एक जोडी. नर दांडगा, सोनेरी अंगावर काळे ठिपके, कपाळ पुढं आलेलं. खाणीतला एगॉनचा मुकादम असाच कपाळ पुढं काढून चालायचा, म्हणून माशाचंही नाव मुकादम. मादी लहानखुरी, ती मुकादमीण. आणि सोबतीला चार चंदेरी मासे, बशीसारखे चपटे. त्यांची शेपटी कधी धड म्हणून दिसायची नाही. मुकादम दिवसभर त्यांच्या मागं लागलेला.

"अरे, काढ की त्या गरिबांना बाहेर," रोझविटा म्हणायची. "बघवत नाही."

"ते त्यांचं काम आहे," एगॉन म्हणायचा, आणि पुढं बोलायचा नाही. घरात पुढं बोलायची जागा तिनं कुणाला ठेवलीच नव्हती.

एगॉन शरदात गेला. आयुष्यभर छातीत भरलेल्या धुळीनं शेवटी हिशेब चुकता केला. इस्पितळात त्यानं घराचं विचारलं नाही, लेकीचं विचारलं नाही. "मुकादमिणीनं अंडी घातली का?" एवढंच. जोडी जमल्यापासून तो त्याच एका गोष्टीची वाट बघत होता.

"घालेल," रोझविटा म्हणाली. "आणि घातली की पिलं मी वाढवीन. तू गप पडून राहा."

त्याला माती दिली, दारापुढची पानं झाडून झाली, आणि मग एका शनिवारी ती दाणे टाकायला खाली गेली तर टाकीच्या तळाशी ठेवलेली दगडी पाटी अंड्यांनी भरलेली. मधाच्या रंगाची, ओळीनं चिकटवल्यासारखी. मुकादमीण वर उभी राहून पंखांनी वारा घालत होती. मुकादमानं मात्र चारी चंदेरींना कोपऱ्यात चेपलं होतं. एकाचा डोळा सुजला होता.

"बाळंतिणीच्या खोलीत ही गुंडगिरी?" रोझविटा टाकीला म्हणाली. "आता इथं माझं चालेल."

कोपऱ्यावर पाळायच्या माशांचं दुकान होतं, तिथल्या डेटलेफला तिनं बोलावून घेतलं. तो बादलीत चारी मासे घालून घेऊन गेला. संध्याकाळी तिनं लेकीला, आनेग्रेटला, फोन लावला. "तुझ्या बापाला जन्मभर जमलं नाही ते मी एका दुपारी केलं. शांत झालंय बघ खाली."

रविवारी सकाळी दिवा लावला तर पाण्यात खवले तरंगत होते. मुकादमीण पाणी तापवायच्या नळीमागं उभी फसून बसलेली, शेपटीच्या चिंध्या झालेल्या. ती जरा हलली की मुकादम तिच्यावर तुटून पडायचा. पाटीजवळ कुणीच नव्हतं.

रोझविटानं अलोइसला फोन लावला. अलोइस म्हणजे एगॉनचा खाणीतला जोडीदार, आणि मत्स्यपालक मंडळाचा अध्यक्ष. तो पहाटेच माशांच्या बाजारासाठी बेल्जियमला गेलेला.

"कुणाला बाहेर काढलंस?" त्यानं पहिलाच प्रश्न केला.

"चंदेरींना. किती मार खात होते रे."

बाजाराच्या गोंगाटातून तो म्हणाला, "रोझविटा, तो मार त्यांच्यासाठी होता म्हणून तिला मिळत नव्हता. अंडी आली की त्याच्या अंगात येतं. दुश्मन हवा असतो त्याला. दुसरा नसला की बायको."

"एगॉननं हे मला का नाही सांगितलं?"

"तू सांगू दिलंस?"

एरवी तिनं फोन आपटला असता. आज धरून राहिली. "तिला बाहेर काढून ठेवू?"

"काढलीस तर परत घातल्यावर तो तिला घरात घेणार नाही. जोडी मोडली समज. डेटलेफकडून चंदेरी आण."

"रविवार आहे. दुकान बंद, आणि तो गेलाय सासुरवाडीला. फोन उचलत नाही."

"मग मी येईपर्यंत तूच हो दुश्मन. टाकीत हात घाल. चावला तर चावू दे. आणि चिडव त्याला, तुला कुणी शिकवायला नको."

तिनं अंगठी काढली, बाही कोपरावर सारली आणि हात पाण्यात घातला. मुकादम वळला. कपाळ पुढं काढून आला आणि बोटावर आपटला. दात बारीक, पण साल निघाली.

"ये," ती म्हणाली. "बाईवर काय जोर काढतोस, इकडे ये."

तो येत राहिला. हात बधिर झाला की ती काचेला तोंड लावायची. तो काचेवर डोकं आपटायचा. तेवढ्यात नळीमागून मुकादमीण इंचभर पुढं सरकायची.

दुपारी कॉफीला आनेग्रेट आणि जावई यॉर्ग आले. वर कुणी नाही, टेबल मांडलेलं नाही. खाली आले तर आई स्टुलावर, हात खांद्यापर्यंत ओला, बोटांना रक्त.

"आई! हे काय चालवलंयस?"

"ओरडू नकोस. माझ्यावरचं त्याचं लक्ष उडालं की मुकादमिणीला मारेल."

आनेग्रेटनं सगळं ऐकून घेतलं. "ऊठ, थोडं खाऊन घे. मी घालते हात."

तिनं घातला. मुकादमानं एकदा हुंगल्यासारखं केलं आणि तोंड फिरवून नळीकडे निघाला.

"बघा," यॉर्ग म्हणाला, "त्यालाही कळलं, भांडायला सासूबाईच पाहिजेत."

कुणी हसलं नाही, रोझविटा तेवढी हसली. तिनं हात परत आत सोडला. आनेग्रेटनं वरून सफरचंदाचा केक आणला आणि आईला चमच्यानं भरवला, तिचा दुसरा हात मोकळा होता तरी. बोलता बोलता म्हणाली, "बाबा गेल्यापासून तू मला रोज फोन करून झापतेस. मी यॉर्गला म्हणते, झापू दे."

रोझविटा घास चावत राहिली. "उद्यापासून नाही करणार," ती शेवटी म्हणाली.

"कर," आनेग्रेट म्हणाली. "पण मधेमधे माझंही ऐक."

अंधार पडता पडता अलोइस बादली घेऊन जिना उतरला. बादलीत कुठलेसे चार करडे, राठ, कुरूप मासे. त्यानं आधी टाकीतले दगड हलवून मुकादमाची हद्द विस्कटली, मग ते सोडले. मुकादम क्षणभर थबकला आणि सुटला त्यांच्यामागं.

मुकादमीण बाहेर आली. वाकडी पोहत पाटीपाशी गेली. अर्धी अंडी पांढरी पडली होती, मेलेली. ती एकेक वेचून काढू लागली आणि उरलेल्यांना फाटक्या पंखांनी वारा घालू लागली.

"अर्धीच," रोझविटा म्हणाली.

"अर्धी पुष्कळ झाली," अलोइस म्हणाला. "एगॉन असता तर यावरही खूश झाला असता."

"तो नाही ना आता." तिनं हात फडक्यात गुंडाळला. "निर्दयी म्हणायचे मी त्याला. सगळ्या वस्तीसमोर."

अलोइसनं बादली पालथी करून निथळायला ठेवली.

कोपऱ्यात एका करड्या माशाच्या शेपटीचा लचका तुटला आणि पाण्यात खाली जाऊ लागला. रोझविटानं बघितलं. तोंड उघडलं, मिटलं, आणि स्टूल जवळ ओढून बघत बसली.