ह्यांचा मासा

"फिल्टरचा स्पंज कशाने धुता?" शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराने विचारलं.

"उकळत्या पाण्याने. दर दोन दिवसांनी. टाकीतले खडेसुद्धा," मी ताठ मानेने सांगितलं.

त्याने कपाळाला हात लावला. "अहो मावशी, त्या स्पंजात जिवाणू असतात. माशाची घाण तेच संपवतात. तुम्ही त्यांनाच उकळून काढलंत. आता मासा विषात पोहतोय!"

एकतीस वर्षं मी इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरची साफसफाई केली. जंतू म्हणजे शत्रू, एवढंच मला शिकवलं होतं. माझी फरशी बघून सर्जनबाई म्हणायच्या, इथे खुशाल जेवायला बसावं. आणि हा माणूस म्हणत होता, माझ्या स्वच्छतेनेच ढब्बू मरायला टेकला. राग आला. त्याचा नव्हे, माझाच.

ढब्बू म्हणजे आमचा नारिंगी गोल्डफिश. आमचा कसला, ह्यांचाच. दोन वर्षांपूर्वी ह्यांना झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. तेव्हापासून ह्यांची खुर्ची टाकीसमोर. ढब्बू जिकडे वळेल तिकडे ह्यांची नजर. बाकी कोणी आलं-गेलं तरी मान हलत नाही. म्हणून लोकांनी ठरवून टाकलं, ह्यांना काही कळत नाही. ठरवायला लोकांचं काय जातं!

घरी येऊन कामाला लागले. रोज पाव टाकी पाणी बदलायचं, तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. थोडं मीठ घालायचं. आणि बाकी कशालाही हात लावायचा नाही. हे शेवटचं पथ्य माझ्याच जिवावर आलं. काचेवर हिरवट थर धरू लागला तसे माझे हात शिवशिवायला लागले. मी ते मांडीखाली दाबून ह्यांच्या शेजारी बसून राहायची.

लेक संध्याकाळी कामावरून येता-येता डोकावायची. "आई, एका माशासाठी किती जीव काढतेस? दुसरा आण ना."

"तुला गोवर आला तेव्हा दुसरी आणली होती का?"

"काहीतरीच तुझं!"

पाचव्या दिवशी ढब्बूने एक दाणा खाल्ला. ह्यांच्या ओठांची डावी बाजू हसली. मी लगेच लेकीला फोन केला. "तुला भास झाला असेल," ती म्हणाली. मी फोन आपटला.

सातव्या दिवशी सकाळी ढब्बू तळाशी आडवा पडला होता. हे अजून आतल्या खोलीत झोपलेले. मी त्याला बाहेर काढलं, ओल्या फडक्यात ठेवलं आणि लेकीला कळवलं. तासाभरात ती पिशवीत नवा मासा घेऊन हजर. तोच रंग, तेवढंच पोट.

"बाबा उठायच्या आत सोड टाकीत. त्यांना काय कळणार आहे?"

"नाही सोडणार."

"अगं, कशाला दुखवतेस त्यांना?"

"चाळीस वर्षांत त्यांना कधी फसवलं नाही. आता उलटून विचारता येत नाही, म्हणून फसवू होय?"

तिने पिशवी काही हातातून खाली ठेवली नाही. मी आत गेले, ह्यांना उठवलं, तोंड धुतलं, केस विंचरले आणि खुर्चीत बसवून टाकीसमोर आणलं. मग ते फडकं ह्यांच्या मांडीवर ठेवून उघडलं.

"ढब्बू गेला," मी म्हटलं. "पाणी मी बिघडवलं होतं. चूक माझी. वाचवायला धडपडले, पण नाही जमलं."

ह्यांनी टाकीकडे पाहिलं. मग मांडीवर पाहिलं. डावा हात हळूहळू सरकत आला आणि एक बोट ढब्बूच्या पाठीवर टेकलं. ह्यांच्या घशातून आवाज फुटला, दोन वर्षांतला पहिला. त्यात शब्द नव्हता.

लेक धावली. "बघ, रडवलंस ना! बाबा, हे बघा, नवीन आणलाय..." तिने पिशवी ह्यांच्या डोळ्यांपुढे धरली.

मी तिचा हात खाली केला.

"रडू दे त्यांना," मी म्हटलं. "त्यांचा मासा होता."