उतारावरचं घर

“पाय एकदम सोडू नका, देवमनभाऊ. शिलाई मशीन नाही हे.”

बाबूसिंगने पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा देवमनचा डावा पाय क्लचवरून झटक्यात उठला. बस गचका देऊन बंद पडली. मागे भांडी घरंगळली. देवमनच्या बायकोने, लिलाबाईने, एका हाताने पिठाचा डबा आवरला, दुसऱ्याने खिडकीचा गज धरला.

उभा जन्म त्याने कपडे शिवले होते. मशीनवर दोन्ही पाय एका तालात चालतात. इथे प्रत्येक पायाला वेगळं काम, हाताला तिसरं आणि डोळ्यांना चौथं. सकाळी स्टिअरिंगच्या चाकासमोर बसण्याआधीच त्याच्या तळव्यांना घाम सुटे.

त्याचं गाव धरणात गेलं होतं. नवी जागा मिळणार होती, पण ती दिवाळीनंतर, मग पाडव्यानंतर, अशी पुढेच सरकत राहिली. बाकीच्यांनी मोबदल्यात कुठेकुठे भिंती उभ्या केल्या. देवमनने मात्र एका बंद पडलेल्या नाटक कंपनीची बस घेतली. नटांच्या झोपायच्या फळ्या, चुलीपुरती जागा, टपावर पाण्याची टाकी, सगळं तयार होतं. एका कोपऱ्यात शिलाई मशीन बसवलं की बाजाराच्या गावी दुकान आणि मुक्काम एकाच जागी.

“आता कोनी हटा म्हनलं, त घर घेऊनच हटू,” असं त्याने लिलाबाईला सांगितलं तेव्हा गाव सुटल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती. पण चाक हातात आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की जे घर आपल्याला घेऊन जाऊ शकतं, ते आपल्याला न विचारताही जाऊ शकतं.

बाबूसिंग मानोरा गावाजवळच्या तांड्यावरचा, जुना ट्रक ड्रायव्हर. मोकळ्या पडीत जमिनीवर त्याने देवमनला महिनाभर शिकवलं. वळण, रिव्हर्स, झाडाच्या फांद्या, रस्त्यावर लोंबणाऱ्या तारा. एक गोष्ट मात्र तो रोज सांगायचा.

“उतार लागाच्या आधी गेर टाका. मधी बदलू नका. न्यूट्रल झाली का गाडी तुमची नाही राह्यली.”

मग साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला आणि बाबूसिंग ट्रकवर निघून गेला. इंझोरीच्या बाजारात लग्नाचे कपडे द्यायचे कबूल केलेले होते. देवमन एकटाच चाकावर बसला. लिलाबाई मागे होती.

इंझोरीच्या वाटेवरचा उतार त्याच्या अंदाजाआधीच आला. गाडी पळायला लागली तसा तो घाबरला आणि नको तेच केलं. खालचा गेर टाकायला गेला. दांडा किरकिरला, अडकला, सुटला, आणि हातात नुसता थरथरत राहिला. इंजिनाचा आवाज हलका झाला. गाडी न्यूट्रल झाली होती. त्याने ब्रेक दाबला. आधी गाडी अडल्यासारखी वाटली, मग काहीतरी जळल्याचा वास आला आणि पायाखालचं ब्रेकचं पेडल मऊ पडलं.

खाली नाल्यावरचा ठेंगणा रपटा होता. रपट्यावर बाजाराला निघालेल्या बैलगाड्या होत्या, त्यांत माणसं बसलेली होती.

“धरून राय!” तो ओरडला.

डावीकडे कपाशीचं वावर होतं. वेचणाऱ्या बाया पार पलीकडच्या टोकाला होत्या. देवमनने अंगातलं सगळं बळ लावून चाक फिरवलं. बस वावराच्या कडेच्या धुऱ्यावरून उडाली, टपावरची टाकी उखडून गेली, आणि काळ्या मातीने चाकं गिळली. बस एका अंगावर कलून थांबली.

सगळं गप्प झालं. मागे वळून बघायचं होतं, पण त्याची मान वळेना. बायकोला त्याने कधी नावाने हाक मारली नव्हती.

“लिला.”

त्याने पुन्हा हाक मारली.

“लिला, वो.”

“हावो. हाये.”

ती पिठाने पांढरी झाली होती. उजवा हात कोपराखाली भलत्याच बाजूला लोंबत होता, आणि तो हात डाव्या हाताने उचलून धरून ती उभी होती.

वावराची मालकीण गोजराबाई धावत आली. मोडलेल्या कपाशीकडे तिने पाहिलं. देवमन हात जोडून काही बोलू लागला, पण तिने दारातून आत डोकावलं होतं. अंथरूण, चूल, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं.

“इथंच राह्यता तुमी?” तिने विचारलं. त्याने मान हलवली. मग नुकसानीचं ती काहीच बोलली नाही. लिलाबाईला तिने स्वतःच्या बैलांच्या दमणीतून मानोऱ्याच्या दवाखान्यात पाठवलं, आणि गडी-बैल लावून बस रस्त्यावर ओढून दिली.

हात बसला, पण जरा वाकडाच. ब्रेक नवे घातले तरी देवमन कितीतरी दिवस चाकाला शिवला नाही. एक भंगारवाला बस बघून गेला. तो पुन्हा आला तेव्हा लिलाबाईने त्याला दारातूनच परत लावलं.

देवमन पुन्हा चालवू लागला, पण एक नेम करून. उतार आला की माथ्यावर बस थांबवायची आणि लिलाबाईला उतरवायचं. घर गेलं तर जाऊ दे. तो एकटा खाली जाई आणि बस उभी करून तिची वाट पाही. ती पायी खाली येई. बघणाऱ्यांना वाटे, नवराबायकोचं भांडण झालं असावं. दोन हंगाम असे गेले.

पुढच्या थंडीत केनवडच्या वाटेवर त्याने असंच माथ्यावर बस थांबवली आणि दार उघडलं. लिलाबाई मागून आली, पण उतरली नाही. त्याच्या शेजारच्या सीटवर बसली.

“उतर,” तो म्हणाला.

“नाही.”

“काहून? बिरेकचा भरोसा नाही वो.”

“मले माहीत हाये.” ती समोर बघत होती. “वरतून पाह्यत उभी राह्यते ना मी, तुमी खाली पोचेपर्यंत जीव जाग्यावर राह्यत नाही. त्याच्यापरीस अंदर बसून भेलेलं बरं.”

देवमनने दार ओढून घेतलं आणि पहिला गेर टाकला.

बस कण्हत कण्हत उतरू लागली. इतकी हळू, की शेळी घेऊन चाललेली एक म्हातारी तिच्या बाजूने पुढे निघून गेली आणि वळून आत बघत राहिली. आत दोघं समोर नजर लावून बसले होते. लिलाबाईने वाकड्या हाताने पुढची दांडी घट्ट धरली होती.