काचेची नळी

माझा मामा बोलायला लागला की वखारीतली करवतसुद्धा ऐकू येत नाही, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणतात. त्या दुपारी त्याने फळ्यांच्या ढिगात हात घातला आणि अंगठ्याला काहीतरी चावलं.

"उंदीर!" त्याने जाहीर करून टाकलं.

पण अंगठ्यावर दोन टोचे होते आणि सूज मनगटाच्या वर सरकत होती. मी त्याला गाडी चालवूच दिली नाही. शेजारच्या टेम्पोत ढकललं आणि दवाखाना गाठला. मी काही आता लहान नाही!

डॉक्टरबाईंनी त्याचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि नळी खिडकीपाशी उभी करून ठेवली.

"वीस मिनिटं हिला कुणी हात लावायचा नाही. रक्त गोठलं नाही, तर सापाचं विष भिनलंय. मग लगेच औषध."

त्या शेजारच्या खोलीत गेल्या. मामा उठलाच. "गिऱ्हाईक खोळंबलंय गं."

"बस खाली!"

एरवी माझी काय टाप! पण बसला बिचारा.

थोड्या वेळाने त्याने हनुवटीनेच नळी दाखवली. "बघ, दह्यासारखं लागलंय. हलतंय का जरा तरी? उगाच घाबरवतेस." त्याचा हात तिकडे गेला. मी तो मधेच पकडला. नळी खरंच गप्प उभी होती. पण न हलवता ठेवलं तर पाणीही गप्पच असतं.

त्याला खुर्चीत टिकवायला मी आमच्या गणिताच्या सरांच्या शिंकेची नक्कल केली. माझा हुकमी एक्का! मामा खो खो हसला.

त्याच्या दातांच्या फटींत लाल रेघा होत्या.

"मामा, काही खाल्लंस का?"

"नाही गं. का?"

मी दाराकडे धावले. "डॉक्टर, ह्याच्या हिरड्यांतून रक्त येतंय!"

त्या आल्या. मामाचं तोंड बघितलं, घड्याळ बघितलं, नळी उचलली आणि हळूच तिरकी केली. रक्त पाण्यासारखं सुळकन काठापर्यंत आलं.

"सिस्टर, सापाचं औषध काढा. आत्ता."

मामाने वखारीच्या किल्ल्या माझ्या मुठीत कोंबल्या. त्याचे ओठ हलले.

"काय?"

"तुझ्या आईला बोलव," तो म्हणाला. ते ऐकायला मला त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागला.