दहाव्या नावानंतर

तांदळाच्या पिठाची रेघ मध्येच तुटली.

गुलाबी गोळी सकाळी अर्धी, पांढरी रात्री अख्खी.

सोळाव्या मजल्यावर कावळा येत नाही. कबुतर येतं, आणि ते कोणाचंच नसतं.

"आई, पाय हलवू नका ना, अख्खा सोफा हलतोय," सून म्हणाली.

गोपीनाथ, भगवान, दौलत. दौलतनंतर कोण?

रखमाबाईने पिठाची वाटी खाली ठेवली आणि उजवा हात डाव्या हातात धरला. गाडी उभी असावी आणि इंजिन आत चालूच राहावं, तसा तो थरथरत होता. हॉलच्या फरशीवर अर्धाच चौक पडला होता. नातीच्या, सान्वीच्या हळदीला पंचवीस दिवस उरले होते, आणि हळदीला धवला आजीच म्हणणार, हे सान्वीने सासरीसुद्धा सांगून ठेवलं होतं.

रखमाबाई धवलारीण. कळव्यापासून कल्याणपर्यंत खाडीकाठच्या गावांत चाळीस वर्षं तिने लग्नं लावली. मांडव उभा राहिला की पाटावर बसून धवल्यातून, म्हणजे लग्नाच्या गाण्यातून, ती आधी देवांना बोलावते, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना. एकेकाला नावाने. या, मांडवात बसा, जेवा, पोरीच्या डोक्यावर हात ठेवा. एकही नाव गाळायचं नाही. नावं लिहूनही ठेवायची नाहीत. कागदावरचं नाव वाचता येतं, त्याला हाक मारता येत नाही, असं तिची सासू म्हणायची. म्हणून लग्न असो नसो, रखमाबाई रोज दुपारी घरची नावं घोकायची. कळव्याच्या घरी ओटीवर घोकायची तेव्हा जाता-येता बाया विचारायच्या, "आज कोनाची हलद, वयनी?" मुलाच्या, सुदेशच्या घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर ती गॅलरीत बसून घोकू लागली, तेव्हा शेजारच्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला.

मग तीन महिन्यांपूर्वी सुदेश तिला टेंभी नाक्याजवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाई गोड बोलायच्या. सुदेश शेजारच्या खुर्चीत मोबाइल बघत बसला.

"आजी, गॅलरीत कोणाशी बोलता?"

"गोपीनाथशी. भगवानशी. आमच्या ह्यांच्याशी."

"ते कुठे असतात?"

"मेले सगले."

"आणि तरी येतात?"

"बोलावल्यावं नाय येनार?"

"येऊन काय करतात?"

"जेवतान."

"त्यांना बोलवायला तुम्हाला कोण सांगतं?"

"सासू."

"सासूबाई कुठे असतात?"

"ती पन मेली."

एकही उत्तर खोटं नव्हतं. डॉक्टरीणबाईंचं पेन भराभर चाललं होतं.

गोळ्यांच्या पहिल्या आठवड्यात नुसती झोप आली. दुसऱ्या आठवड्यात जीभ जड झाली. चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळू लागला आणि रखमाबाई पदराने तोंड पुसत बसू लागली. मग पाय. अंग सोफ्यावर बसलेलं आणि पाय निघालेले, अशी गत. ती उठायची, बेसिनपर्यंत जायची, परत यायची, पुन्हा उठायची. एरवी बोलणं बंदच. नावं घोकायला बसली की तीन नावांवर धुकं.

"आई आता एकदम शांत आहेत," सून योगिनी फोनवर कोणाला तरी सांगत होती. तिच्या आवाजात खरंच सुटका होती.

त्या दिवशी सान्वी ऑफिसातून लवकर आली. अर्धा चौक बघून ती जमिनीवरच बसली.

"आजी, काय झालं?"

"दौलतच्या नंतर कोन, सान्वे?"

"मला कसं माहीत असेल?"

"मना बी नाय म्हाईत आता." रखमाबाईने पदराने तोंड पुसलं. "वाटेत परलंय कुठं तरी."

सान्वी उठली, औषधांचा डबा घेऊन आली. "फेकून देऊ?"

"येरी कं काय! फेकाचं नाय. जिनं दिलंय तिच्याम्होरं जाऊन बसाचं. चल, उद्याच जाऊ."

दवाखान्याच्या बाकावर शेजारी एक बाई होती. रखमाबाईच्या हातातलं गोळ्यांचं पाकीट पाहून ती म्हणाली, "माझ्या मुकुलला हीच गोळी आहे. दोन वर्षं घराबाहेर पडत नव्हता. आता नोकरीला जातो. सोडू नका हं मावशी."

"तुझा पोर आजारी व्हता, बाय. त्याला लागू परली, बरं झालं," रखमाबाई म्हणाली. "मी कामावं व्हती."

आत गेल्यावर तिने खुर्ची नाकारली. चपला काढून ती जमिनीवर मांडी घालून बसली.

"डॉक्टरीणबाय, तू मना सगलं इचारलंस. मी काय करतंय, तेवरं नाय इचारलंस. आता आयक."

आणि तिने धवला सुरू केला. आवाज फाटका होता, जीभ मध्येच अडखळत होती, पण सूर सुटला नाही. गणपतीला बोलावलं, गावदेवीला बोलावलं, खाडीला बोलावलं. मग गोपीनाथला, भगवानला, दौलतला. आणि थांबली. पाय हलू लागले. डॉक्टरीणबाईंनी टेबलावरून वाकून त्या पायांकडे पाहिलं, मग हाताकडे, मग ओठाच्या कोपऱ्याकडे.

"हे लग्नात म्हणायचं असतं," सान्वी म्हणाली. "माझ्या. ती रियाज करत होती, मॅडम."

"किती वर्षं म्हणताय तुम्ही हे?"

"चालीस."

डॉक्टरीणबाईंनी फाइल उघडली. सगळ्यात वरचा कागद, पहिल्या दिवशीचा फॉर्म, वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"मी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "आजी, गोळी एकदम बंद नाही करायची. दर चार दिवसांनी थोडी कमी. मी लिहून देते. मध्ये दोनदा मला दाखवायचं. पाय थांबतील. हाताला थोडा वेळ लागेल."

"आनि नावा?"

"ती येतील बहुतेक."

"येतीलच," रखमाबाई उठता उठता म्हणाली. "जातान कुठं."

पाय बाराव्या दिवशी थांबले. चौथं नाव, पोशा, पंधराव्या दिवशी कपडे वाळत घालताना आलं. पाचवं आणि सहावं पाठोपाठ. ती पुन्हा गॅलरीत घोकायला बसली, पण या वेळी सान्वीने सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला: आजी कामात आहे.

हळद कळव्याच्या घरापुढे, मांडवात झाली. चौक घालताना हात थरथरला. योगिनी खाली बसली आणि तिने सासूचं मनगट धरलं. रेघ सरळ आली.

धवला सुरू झाला तसा डीजेवाल्याने आपणहून आवाज बंद केला. देव आले, गावदेवी आली, खाडी आली. गोपीनाथ, भगवान, दौलत. पोशा. हिराबाय, नामा, जना, बाळाराम, तुकी. दहावा काशीनाथ.

काशीनाथनंतर काही नाही.

रखमाबाईने काशीनाथला पुन्हा बोलावलं. तिसऱ्यांदा बोलावलं. पुढचं नाव गाळून शेवटचं, नवऱ्याचं, धाकूचं नाव घेता आलं असतं. कोणाला कळलं नसतं. तिने ते घेतलं नाही. डोळे मिटून, पाटाची कड धरून ती थांबून राहिली. सान्वीच्या गालावरची हळद सुकू लागली.

"चिमी."

मागून आवाज आला. नारळांचं ताट धरून सुदेश खांबापाशी उभा होता.

"दौलतची चिमी," तो म्हणाला.

चिमी पाळण्यातच गेली होती, सुदेश जन्मायच्या कितीतरी वर्षं आधी. तिचा फोटो नाही. तिला पाहिलेलं माणूस उरलेलं नाही. तिचं नाव एकाच ठिकाणी ऐकायला मिळायचं, ओटीवरच्या घोकण्यात.

रखमाबाईने डोळे उघडून मुलाकडे पाहिलं. त्याने ताटातला एक नारळ उगाचच फिरवून ठेवला.

"चिमी, ये गं पोरी," तिने सुरात बोलावलं, आणि श्वास घेऊन धाकूकडे वळली.

दवाखान्यात पहिल्या दिवशी भरून घेतात त्या फॉर्मवर 'व्यवसाय' या शब्दापुढे सुदेशने स्वतःच्या हाताने एक आडवी रेघ मारली होती.